लॅबने पास केलं

९ जानेवारी

चि. चिंगी,

काल चपलांचं कपाट आवरताना बूटपॉलिशची वाळून खडा झालेली डबी सापडली आणि हॉस्टेलच्या मागच्या पायऱ्या आठवल्या. शनिवारची दुपार, सगळ्या मुलींचे बूट ओळीने मांडलेले आणि आपल्या दोघींत मिळून एकच ब्रश. तू माझेही बूट घासायचीस, कारण मी तुला गोष्ट वाचून दाखवायचे. गोष्ट रंगात आली की तुझा हात थांबायचा. मग मीही वाचायची थांबायचे, की हात पुन्हा सुरू. सिस्टर वरच्या खिडकीतून बघून म्हणायच्या, "या मावसबहिणींनी कारखाना काढलाय वाटतं." त्या दुपारी विशेष काहीच घडलं नव्हतं. म्हणूनच बहुधा इतकी वर्षं टिकली.

आणि आता तू खऱ्या कारखान्याची प्रमुख! तुझं कार्ड मी शेजारणींना दाखवलं. एकीने विचारलं, "म्हणजे आता त्या कापड रंगवत नाहीत?" मी म्हटलं, "नाही, आता त्या रंगवणाऱ्यांना रंगवतात." तू हसशील की चिडशील?

मी शाळेत मुख्याध्यापिका झाले तेव्हा पहिला महिना फक्त खुर्ची पुढे-मागे सरकवत होते. टेबल तरी उंच, नाहीतर मी तरी बुटकी. तुझी खोली कशी आहे? खिडकीतून काय दिसतं? गुडघा बरा आहे, चौकशी करू नकोस. आणि फोन करू नकोस, फोनवर तू नुसतं "हो, ठीक, बघू" म्हणतेस. पत्रात बोलतेस. हॉस्टेलपासूनची सवय आहे, मोडू नकोस.

तुझी,
अक्का

२४ जानेवारी

प्रिय अक्का,

हसलेही आणि चिडलेही. खोली वरच्या मजल्यावर आहे. जाड गालिचा आहे, काचेचं टेबल आहे, टेबलावर माझ्या नावाची पाटी आहे. खिडकी नाही. छतात दिवे आहेत, दिवसभर एकसारखे. घड्याळ बघितलं नाही तर सकाळ की संध्याकाळ कळत नाही. वर येताना पहिल्या दिवशी इतका आनंद झाला होता की हे लक्षातच आलं नाही. आमची शेडची, म्हणजे रंगछटा तपासायची, लॅब खाली राहिली. तिथल्या खिडकीशी मी उभं आयुष्य काढलं.

तुला मी कधी नीट सांगितलंय का तिथे काय चालतं ते? रंगवलेल्या कापडाचा तुकडा ठरलेल्या नमुन्याशी जुळतो का ते बघायचं. यंत्रं आली, तीही बघतात, पण आमच्याकडे शेवटचा शब्द खिडकीचा. दिव्याखाली जुळ्या वाटणाऱ्या दोन निळ्या रंगांतला एक उन्हात हिरवट निघतो, अगदी खोटं बोलताना पकडलेल्या पोरासारखा. म्हणून नियम असा, की सकाळच्या उजेडात बघायचं आणि दोघांनी बघायचं. दोघांनी "हो" म्हटल्याशिवाय कापड पुढे जाणार नाही. हा नियम मीच आणला. तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली होती.

खाली आता माझ्या जागी घाईबाई आहे. तिला मीच मुलाखतीत निवडली, मीच शिकवली. नाव मीच ठेवलं, कारण ती जिना एकेक पायरी सोडून उतरते आणि चहा उभ्याने पिते. बोलायला फटकळ आहे. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली होती, "मॅडम, तुमचा चष्मा बदला, मग माझी चूक काढा." चष्मा खरंच बदलावा लागला.

आता मोठी ऑर्डर आली आहे. एका रुग्णालयाच्या नर्सेसच्या कोटांचं कापड, फिकट निळं. मोठ्या साहेबांना काल संध्याकाळी लगेच उत्तर हवं होतं. मी धावत खाली गेले, दिव्याखाली तुकडे बघितले, मला बरे वाटले. घाईबाई म्हणते, "सकाळपर्यंत थांबू या." घाईबाई! मी म्हटलं, "का? सूर्याला नोकरीवर ठेवलाय का आपण?" सगळी लॅब हसली. मी वर जाऊन साहेबांना होकार दिला. साहेब म्हणाले, "असा झटपट निर्णय हवा." तेव्हा कळलं, खुर्ची मिळाली म्हणजे काय ते.

गुडघ्याची चौकशी करतेच आहे.

तुझी,
चिंगी

२ मार्च

प्रिय अक्का,

उत्तराला उशीर झाला. इथे वाईट घडलं आहे.

ते निळं कापड परत आलं. सगळं. कोट शिवून झाले होते. एका ताग्यातून अंग बेतलं होतं, दुसऱ्यातून बाह्या. शिवणाच्या खोलीत कोणाला काही दिसलं नाही. नर्सेस ते घालून रुग्णालयाच्या अंगणात फोटोसाठी उभ्या राहिल्या आणि उन्हात प्रत्येकीच्या बाह्या हिरवट. त्यांच्या प्रमुखांनी एक कोट मोठ्या साहेबांच्या टेबलावर आणून ठेवला आणि विचारलं, "आमच्या मुली पोपट आहेत का?"

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "हे पास कोणी केलं?" मी म्हटलं, "लॅबने पास केलं." लॅब म्हणजे आता घाईबाई. ती खाली मान घालून उभी होती. मग तिने माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही.

शेवटी घाईबाईने घाई केलीच म्हणायचं. नाव उगाच पडत नाही. साहेब म्हणतात, एवढी मोठी चूक झाल्यावर माणूस त्याच जागी ठेवला तर उद्या कोणी कोणाला जुमानणार नाही. निर्णय माझ्यावर सोडला आहे. तिला मीच घडवली आहे, अक्का. आणि माझी नेमणूक अजून पक्की झालेली नाही. ती ज्या महिन्यात व्हायची, त्याच महिन्यात हे असं. सगळे माझ्याकडे बघताहेत, की ही बाई काय करते.

तू शाळेत इतकी माणसं सांभाळलीस. सांग ना, काय करू?

चिंगी

१० मार्च

चि. चिंगी,

पत्र वाचून जीव कासावीस झाला. पण तू विचारलं आहेस तर स्पष्ट सांगते, कारण गोंजारायला इतर लोक भेटतील.

माया वेगळी आणि कारभार वेगळा. आपण घडवलेल्या माणसाची चूक आपल्याला छोटी दिसते. आपला तो बाब्या! तू तिला सांभाळून घेतलंस तर बाकीचे म्हणतील, बाईंची लाडकी आहे, तिला सगळं माफ. आणि मग तुझ्या शब्दाला खाली कोणी विचारणार नाही. इतक्या वर्षांनी एक बाई त्या खोलीत बसली आहे. ती पहिल्याच फटक्याला डळमळली असं कोणाला म्हणू देऊ नकोस.

मन घट्ट कर. तिला स्वतः बोलाव, दुसऱ्याकडून निरोप पाठवू नकोस. आवाज चढवू नकोस. जे करायचं ते एकदाच कर आणि मागे वळून बघू नकोस.

आणि जेवत जा वेळेवर. तू काळजीत असलीस की जेवत नाहीस, हे मला इथे बसून दिसतं.

तुझी,
अक्का

२८ मार्च

प्रिय अक्का,

केलं. तुझे शब्द जवळजवळ जसेच्या तसे वापरले. स्वतः बोलावलं, आवाज चढवला नाही.

मला वाटलं होतं ती भांडेल. तिचा फटकळपणा तुला माहीत आहे. ती म्हणाली, "बरं मॅडम." खिशातली कात्री काढून टेबलावर ठेवली, अ‍ॅप्रनची घडी केली. दारात थांबली. मला वाटलं आता बोलेल. म्हणाली, "डाव्या बाजूच्या खिडकीची काच पुसून घ्यायला सांगा, धुरकट झाली आहे." आणि जिना उतरून गेली. एकेक पायरी. एकही न सोडता.

साहेबांनी आज सगळ्यांसमोर सांगितलं, की अवघड वेळी मी खंबीर राहिले. नेमणूक पक्की झाली. तुझ्यामुळे, अक्का.

तुझी,
चिंगी

१५ एप्रिल

चि. चिंगी,

अभिनंदन म्हणून पत्र सुरू केलं होतं. ते फाडलं, आता हे दुसरं लिहिते आहे.

काल ब्लाउजला दोरा आणायला गेले होते. दुकानदाराने रीळ दाखवलं, मी म्हटलं, हं, जुळतंय, बांधा. तो म्हणाला, "बाई, पायरीवर जाऊन उजेडात बघा, मग घ्या. मागाहून मला शिव्या देता." पायरीवर गेले. दोरा जांभळा होता. ब्लाउज तपकिरी. मी हसले, दुकानदार हसला. आणि घरी येताना अर्ध्या रस्त्यात माझे पाय थांबले.

तू जानेवारीत एक विनोद लिहिला होतास, सूर्याला नोकरीवर ठेवण्याचा. मी तो वाचून मोठ्याने हसले होते. शेजारणीलाही सांगितला.

चिंगी, मला एकच विचारायचं आहे. सकाळपर्यंत थांबू या असं त्या दिवशी म्हणणारी कोण होती? आणि परत आलेलं कापड तेच होतं का?

माझी समजूत चुकली असेल. मला तुमच्या कामातलं कळत नाही, दुसरं एखादं कापड असेल. तसं असेल तर म्हातारीला चार शब्द सुनाव आणि विसरून जा. मला ते फार आवडेल.

तुझी,
अक्का

३० जून

अक्का,

तुझ्या पत्रानंतर तुझे दोन फोन आले. मी घेतले नाहीत. तुला वाटलं असेल आजारी आहे. नाही. मी रागावले होते.

तुझ्यावर. हो, तुझ्यावर. मन घट्ट कर असं तूच लिहिलंस. मागे वळून बघू नकोस असंही तूच. मग तूच मागे वळून मला हाक मारलीस. तू तिथे व्हरांड्यात बसून पत्रं लिहितेस, तुला ना कापड माहीत ना मोठे साहेब. असं बरंच काही लिहून ठेवलं होतं. चार-पाच पत्रं झाली. एकही पोस्टात टाकता आलं नाही, कारण प्रत्येकात तुझ्या प्रश्नाचं उत्तर टाळलं होतं, आणि ते तू पहिल्या ओळीत ओळखलं असतंस.

तीच होती. कापड तेच होतं.

दोघींनी "हो" म्हणायचं असतं. त्या संध्याकाळी तिने म्हटलं नव्हतं. मी एकटीने म्हटलं, आणि दोघींचं म्हणून वर जाऊन सांगितलं. स्वतः आणलेला नियम मी स्वतः मोडला, आणि तोही हसत.

साहेबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं, शपथेवर सांगते. "मी" म्हणायलाच तोंड उघडलं होतं. आणि "लॅबने" बाहेर आलं. आलं ते सोयीचं होतं. मग मी गप्प राहिले. ती बोलेल, मग मी कबूल करीन, असं मनात म्हणत राहिले. ती बोलली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, इथे चोरानेच बसून शिक्षा वाचून दाखवली. शब्द तुझे घेतले, कारण माझ्याजवळ माझे नव्हते.

ती मला का वाचवत होती हे मी स्वतःला विचारलं. वाचवत नव्हती, अक्का. ती माझी वाट बघत होती.

तुला मार्चमध्ये "घाईबाईने घाई केली" असं लिहिलं ना मी? ते लिहिताना मला खरंच तसं वाटत होतं. हे सगळ्यात भयंकर आहे. तुला फसवायच्या आधी मी स्वतःला फसवून झाले होते.

पुढे काय लिहू कळत नाही.

चिंगी

६ जुलै

चि. चिंगी,

तुझा राग पोचला आणि तो अर्धा खरा आहे.

मी आयुष्यभर वर्गात दोन मुली भांडत आल्या की आधी म्हणायचे, "आता दुसरीला बोलू दे." साधी गोष्ट आहे, पहिलीच्या बाईंनाही कळते. तुझ्या पत्रावर उत्तर लिहिताना मी दुसरीला विचारलंच नाही. "ती काय म्हणते?" एवढे तीन शब्द लिहिले असते तर तुला ते वाचावे लागले असते. पण समोर माझी चिंगी होती, तिची नवी खुर्ची होती, आणि ती खुर्ची मला तुझ्याइतकीच हवी होती. मी तुला सल्ला दिला नाही, मी तुला जिंकवत होते. त्या मुलीचं मला नावसुद्धा माहीत नाही, टोपणनाव तेवढं माहीत आहे.

पण अर्धाच राग घेते, बरं का. उरलेला तुझा तू ठेव.

उपदेश करणार नाही. मार्चमध्ये पोटभर करून झाला आहे. मी तुझ्यावर तेवढीच माया करते जेवढी बूट घासणाऱ्या मुलीवर करत होते, हे मात्र पक्कं समज. आता काय करायचं ते तुला माहीत आहे. लागलं तर मी येते. गुडघा बसमध्ये चढतो.

तुझी,
अक्का

२२ ऑगस्ट

प्रिय अक्का,

येऊ नकोस, आता ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, पण झालं आहे.

महिन्याच्या बैठकीत मी उभी राहिले. सगळे विभागप्रमुख होते. मी म्हटलं, "ते निळं कापड मी पास केलं. चूक माझी आहे, लॅबची नाही." आणि मग काय झालं माहीत आहे? टाळ्या! मोठे साहेब म्हणाले, "बघा, प्रमुख असा असावा. हाताखालच्या माणसाची चूक स्वतःच्या अंगावर घेणारा." विणकाम विभागाचे प्रमुख उठून माझ्याशी हात मिळवायला आले. मी म्हणत होते, "अहो, तसं नाही, खरंच मी," आणि जितकं म्हणावं तितकं त्यांना माझं मन मोठं वाटत होतं. वर गालिच्यावर परत आले तर टेबलावर कोणीतरी फुलं ठेवलेली. मार्चमध्ये मी खोटं बोलले आणि लगेच सगळ्यांना पटलं. ऑगस्टमध्ये खरं बोलले तर कोणी ऐकेना.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. कोण काय म्हणालं, कोण हसलं, मी वर येऊन काय म्हणाले. हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "बाई, आता हे कशाला उकरता? ऑर्डर गेली, ती मुलगी गेली, तुमची नेमणूक मीच पक्की केली. माझं काय दिसेल?" मी म्हटलं, "साहेब, हेच मी मार्चमध्ये मनात म्हणत होते. माझं काय दिसेल." त्यांनी बराच वेळ पेनाचं टोपण लावलं, काढलं. मग म्हणाले, "बघू."

मग घाईबाईला शोधलं. ती एका पडद्यांच्या दुकानात काम करते. लांबलचक, अरुंद दुकान, दोन्हीकडे गुंडाळ्या उभ्या केलेल्या. ती एका जोडप्याला कापड दाखवत होती. मला बघून म्हणाली, "या मॅडम. काय दाखवू?"

"मला पडदे नकोत."

"मग जरा बाजूला उभ्या राहता? गिऱ्हाईक आहे."

मी बाजूला उभी राहिले. ती त्या बाईला म्हणत होती, "ताई, तुम्हाला हा आवडलाय की तुमच्या यजमानांना कंटाळा आलाय म्हणून घेताय?" यजमान हसले आणि बसून राहिले. तिचा फटकळपणा जसाच्या तसा आहे हे बघून मला इतकं बरं वाटलं, अक्का, की रडूच आलं. मी गुंडाळ्यांकडे तोंड करून उभी राहिले.

ती मोकळी झाल्यावर मी सगळं बोलले. बैठक, टाळ्या, साहेब. टाळ्यांचं ऐकून तिला खरंच हसू आलं. म्हणाली, "हारही घातला असेल!"

"फुलं होती," मी म्हटलं.

मग ती हसायची थांबली. म्हणाली, "मॅडम, मी दोन-तीन आठवडे तुमची वाट बघितली. जिन्यावर तुमचे पाय वाजले की वाटायचं, आल्या. आज सांगतील. घरी आईलासुद्धा सांगितलं होतं, आमच्या मॅडम तशा नाहीत. तुम्ही मला बोलावलंत ना, त्या दिवशी मी आनंदाने जिना चढून आले होते. वाटलं, आता सांगणार."

मी एका गुंडाळीची सुटलेली कड आत खोचली.

"परत ये," मी शेवटी म्हटलं. "मी साहेबांशी बोलते. माझी जागा..."

"नको मॅडम. तुमचा राग नाही आता. असता तर आले असते, भांडायला तरी. पण तिथे गेले की मी रोज तुमच्या तोंडाकडे बघणार, आज काय म्हणतील म्हणून. तसं काम करता येत नाही मला."

"मग मला माफ तरी..."

"त्याची घाई करू नका," ती म्हणाली. फटकारून नाही. कापडाची घडी घालता घालता, अगदी साधेपणाने.

निघताना तिने एकच मागितलं. अनुभवाच्या दाखल्यावर आम्ही "कामात दक्षता कमी" असं लिहिलं होतं. दोन कारखान्यांत ती मुलाखतीला गेली, दोन्हीकडे तेवढी ओळ वाचून प्रश्न आले. "मी काय उत्तर देऊ?" म्हणाली. "तुमचं नाव सांगितलं असतं तर कोणी मानलं नसतं, आणि सांगावंसंही वाटलं नाही. तो बदलून द्या. बाकी मला काही नको."

अक्का, तिचं नावसुद्धा माहीत नाही असं तू लिहिलं होतंस ना? मला ते रोज लॅबच्या हजेरीत लिहून खाली सही करायची सवय होती. त्या दिवशी दुकानात तिच्या मालकाने तिला नावाने हाक मारली, आणि क्षणभर मला कळलं नाही की कोणाला बोलावतोय.

चिंगी

२५ सप्टेंबर

प्रिय अक्का,

दाखला बदलला. साहेब तीन आठवडे टोलवाटोलवी करत होते. शेवटी मी म्हटलं, खुर्ची सोडते, पण दाखला माझ्या सहीने आणि माझ्या चुकीच्या उल्लेखासकट जाईल. त्यांना खुर्चीचं पटकन पटलं, दाखल्याचं त्यानंतर. मी स्वतः पोचवला नाही, टपालाने पाठवला. तिला माझ्यासमोर उभं राहून वाचावा लागू नये. पोच आली आहे. पोचेवर फक्त सही आहे.

तू मधल्या पत्रात विचारलंस की खुर्ची सोडायलाच हवी होती का. मी आठवडाभर त्यावर विचार केला. चूक करणाऱ्याने वर बसू नये असं मला म्हणायचं नाही, तसं असतं तर जगातल्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या पडल्या असत्या. पण मी "लॅबने" म्हणून तिथे पक्की झाले होते. त्याच जागेवर बसून "मी" म्हणायला शिकणं मला जमलं नसतं. पुन्हा टाळ्या पडल्या असत्या आणि मला त्या आवडायला लागल्या असत्या. मी स्वतःला ओळखते, निदान आता.

कंपनीचा लांबच्या गावी एक छोटा विभाग आहे. तिथे नव्या मुलांना शेड बघायला शिकवायला कोणी तयार नव्हतं. मी सोमवारी निघते. हुद्दा नाही, राहायला दोन खोल्या आहेत. माझं वय ऐकून तिथले प्रमुख फोनवर म्हणाले, "बाई, तुम्हाला झेपेल ना?" मी म्हटलं, "न झेपलं तर मी तुम्हाला सांगीन." इतकं साधं वाक्य, पण ते म्हणायला मला इतकी वर्षं लागली.

तू बुधवारी घर बंद करायला येणार आहेस. मी नसेन, म्हणून लिहून ठेवते. किल्ली खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे आहे.

रेडिओ गेटवरच्या राखणदाराला दे. त्याचा बिघडला आहे, आणि मॅच असली की तो लोकांच्या खिडकीखाली उभा राहून ऐकतो.

शिवणयंत्र चहावाल्या बाईंच्या मुलीसाठी. पट्टा नवा घालून दे, तेल ती घालील. तिला सांग, भीत भीत चालवू नकोस, सुई मोडली तर मोडली.

कुंड्या डॉक्टरांच्या बायकोला, पण त्या पाणी जास्त घालतात. तुळतुळीत पानांची कुंडी त्यांना देऊ नकोस, तेवढी तू ने.

स्वयंपाकघरातली मोठी पातेली समोरच्या बिऱ्हाडाला. तिथे माणसं जास्त आणि भांडी कमी. चांगला चहाचा सेट तू घे. नाही म्हणू नकोस, मला तो कधीच आवडला नव्हता.

कपाटाच्या वरच्या खणात रंगांची पुस्तकं आहेत. ती लॅबमध्ये पाठव, माझं नाव पहिल्या पानावरून खोडून.

आणि खाटेवर एक कागदी पिशवी आहे, तिच्यात करड्या रंगाची लोकरी शाल आहे, कोरी. ती मी घाईबाईसाठी घेतली होती. तिचं नाव, खरं नाव, चिठ्ठीवर लिहून पिशवीला लावलंही होतं. मग काढलं. तिने एकच गोष्ट मागितली होती आणि ती तिला मिळाली. त्यावर शाल म्हणजे मलाच बरं वाटावं म्हणून. तेव्हा तिला काही पाठवू नकोस, तिच्या दुकानात जाऊ नकोस, माझा निरोपही देऊ नकोस. ती शाल जिन्याखालच्या खोलीतल्या आजींना दे. त्यांना पहाटे थंडी वाजते.

तुझी,
चिंगी